इलेक्ट्रॉन संरूपण

अणुकेंद्राभोवतीचे इलेक्ट्रॉन कोणत्या कवचात, कोणत्या उपकवचात व किती संख्येने असतात, या मांडणीस इलेक्ट्रॉन संरूपण अथवा विन्यास म्हणतात. १९१३ मध्ये बोर यांनी इलेक्ट्रॉनांसाठी ठरावीक ऊर्जेच्याच कक्षा कल्पिल्या. १९२६ मध्ये श्रोडिंगर यांच्या समीकरणामुळे त्या रेखीव कक्षांची जागा, इलेक्ट्रॉन आढळण्याची संभाव्यता दर्शविणाऱ्या कक्षकांनी घेतली. एका कक्षकात परस्परविरुद्ध परिवलनाचे दोनच इलेक्ट्रॉन राहू शकतात, हा पाउली यांचा १९२५ चा नियम साऱ्या मांडणीचा पाया होय. त्यानुसार पहिल्या चार कवचांची कमाल धारणा अनुक्रमे २, ८, १८ व ३२ ठरते.

उदाहरणे. भुसावळजवळील दीपनगरच्या औष्णिक वीज केंद्रात, जेथे ५०० मेगावॉटचे दोन संच आहेत, कोळशातील कार्बन (२, ४) हवेतील ऑक्सिजनाशी (२, ६) संयोग पावतो तेव्हा अणुकेंद्रे अबाधित राहून केवळ बाहेरच्या कवचांतील इलेक्ट्रॉनांची फेरमांडणी होते, आणि तीतून मुक्त होणारी ऊर्जा हीच भट्टीतील उष्णता होय. जनित्राचा गाभा लोहप्रधान पोलादाच्या पत्र्यांचा असतो. लोहाच्या सुट्या अणूत ३डी उपकवचातील सहा इलेक्ट्रॉनांपैकी चार अयुग्मित असतात आणि लोहाच्या चुंबकत्वाचे मूळ अशा अयुग्मित इलेक्ट्रॉनांतच आहे.

जनित्राच्या वेटोळ्यांतील तांबे (२, ८, १८, १) विशेष विचारार्ह आहे. नेहमीच्या क्रमाने पाहता त्याच्या ३डी उपकवचात नऊ व ४एस मध्ये दोन इलेक्ट्रॉन अपेक्षित. प्रत्यक्षात दहा व एक आढळतात. पूर्ण भरलेल्या उपकवचाचे स्थैर्य हे याचे कारण सामान्यतः सांगितले जाते, तथापि तेवढ्याने सर्वच अपवादांचा उलगडा होत नाही. धातुरूप तांब्यात दर अणूमागे सुमारे एक इलेक्ट्रॉन मोकळा होऊन साऱ्या धातूचा सामाईक बनतो; एका घनमीटरात असे सुमारे ८.५ × १०²⁸ इलेक्ट्रॉन असतात. त्यामुळेच, प्रत्येकाची सरासरी सरक सेकंदाला मिलिमीटरभरही नसताना, तांब्याची तार मोठा प्रवाह सहज वाहून नेते.

पोटॅशियमात (२, ८, ८, १) ३डी रिकामे असतानाच ४एस भरू लागते. जळगावच्या केळ्यांत हे मूलद्रव्य तो एकुलता इलेक्ट्रॉन गमावलेल्या आयनाच्या रूपात असते.

लँथॅनाइडे. यांत मुख्यतः ४एफ उपकवच भरत जाते.