ऑपरेशन अर्धवट सोडणारे डॉक्टर

मायकेल क्रायटन (हो, ज्युरासिक पार्कवालाच) हार्वर्डमध्ये डॉक्टरकी शिकला होता. तिथल्या अनुभवावरून त्याने १९७४ साली एक पटकथा लिहिली. ती वीस वर्षं पडून राहिली आणि १९ सप्टेंबर १९९४ ला एनबीसीवर 'ईआर' नावाने अवतरली. मग काय, धाडकन दार उघडून स्ट्रेचर आत, डॉक्टर पळता पळता आकडे ओरडतायत, लगेच ऑपरेशन, आणि शेवटी बाहेर येऊन नातेवाइकांना एक वाक्य. जगला किंवा गेला. विषय संपला!

गंमत म्हणजे त्याच्या एकच वर्ष आधी, १९९३ मध्ये, फिलाडेल्फियाच्या मायकेल रोटोंडो आणि सहकाऱ्यांनी नेमकं उलटं सांगितलं होतं. खूप रक्त गेलेला माणूस गार पडतो, रक्तात आम्ल वाढतं, रक्त गोठेनासं होतं. अशा वेळी चार तास टेबलावर सगळं नीट जोडत बसलात तर ऑपरेशन यशस्वी आणि पेशंट खलास. म्हणून फक्त रक्तस्राव थांबवा, फाटलेलं आतडं बांधून ठेवा, पोटात पॅड दाबून भरा, वरून तात्पुरतं झाका आणि आयसीयूत नेऊन ऊब द्या. जोडाजोडी एक-दोन दिवसांनी. याला नाव दिलं 'डॅमेज कंट्रोल', जे नौदलातलं आहे: भोक पडलेली बोट आधी बंदरापर्यंत तरंगती ठेवा. (प्रॉडक्शन सर्व्हर रात्री दोनला झोपल्यावर आपण तरी दुसरं काय करतो?) सर्वांत वाईट जखमींमध्ये या पद्धतीने १३ पैकी १० वाचले, जुन्या पद्धतीने ९ पैकी १. आकडे छोटे, पण फरक बघा.

आता हे टीव्हीवर कसं दाखवणार? "पोट उघडंच ठेवलंय, परवा पुन्हा आत घेऊ" हे वाक्य मालिका बघून वाढलेल्या नातेवाइकाला हरल्यासारखंच वाटतं. प्रत्यक्षात डॉक्टरांनी त्याच्यासाठी वेळ विकत घेतलेला असतो.

२०१८ मध्ये काही सर्जन मंडळींनी 'ग्रेज अ‍ॅनाटॉमी'चे २६९ भाग बसून पाहिले (पगारी काम! हेवा वाटतो) आणि त्यातले २९० जखमी खऱ्या सुमारे ४,८०० जखमींशी ताडून पाहिले. मालिकेत २२ टक्के मेले, खरे ७ टक्के. म्हणजे टीव्ही फार आशावादी आहे असंही नाही. खरी थाप पुढे आहे. अतिगंभीर जखमी होऊन वाचलेल्यांपैकी मालिकेत निम्मे आठवड्याच्या आत घरी, प्रत्यक्षात २० टक्के. आणि घरी न जाता दीर्घकाळ देखभालीच्या ठिकाणी गेले ते मालिकेत ६ टक्के, खऱ्यात २२.