चार झेंडे आणि एक चूल

श्रोतेहो, जत्रा म्हटली की देऊळ, पाळणे, रेवड्या डोळ्यांपुढे येतात. आज ज्या जत्रेविषयी सांगणार आहे, तिथे देवही नाही नि पालखीही नाही. तिथे लोक जमतात ते जमिनीतला एक खड्डा पाहायला.

अमेरिकेत मिशिगन राज्यात, सेंट जोसेफ नदीच्या काठी नाइल्स नावाचं गाव आहे. 1691 साली फ्रेंचांनी इथं ठाणं वसवलं, फोर्ट सेंट जोसेफ. आपल्या रायगडासारखा किल्ला मात्र मनात आणू नका. थोडे शिपाई, पाद्री, व्यापारी आणि कातड्यांचा बाजार, एवढाच त्याचा पसारा. भोवती पोटावाटोमी, मायामी या मूळ रहिवाशांची वस्ती. ते बीव्हरची कातडी आणीत आणि बदल्यात कापड, बंदुका, तांब्याची भांडी, काचेचे मणी नेत.

1761 साली ठाणं इंग्रजांकडे गेलं. 1763 साली पोटावाटोमींनी ते जिंकून घेतलं. 1781 साली स्पेनच्या बाजूच्या तुकडीनं तिथं जेमतेम एक दिवस आपला झेंडा लावला. पुढं मुलूख अमेरिकेचा झाला. म्हणून नाइल्सला चार झेंड्यांचं गाव म्हणतात.

ठाणं मात्र हरवलं. नदीवर बंधारा झाला, पाणी चढलं, वर गावचा केरकचरा पडला. 1913 साली स्मारक म्हणून एक प्रचंड शिळा बसवली, पण ठाण्याची नेमकी जागा कुणालाच ठाऊक नव्हती. ती 1998 साली वेस्टर्न मिशिगन विद्यापीठाच्या संशोधकांना सापडली. जमीन ओली. आपण विहीर उपसतो तसं पंपानं पाणी काढायचं, मगच खणायचं. या उत्खननाच्या काळात उन्हाळ्यात ही जत्रा भरू लागली. जुन्या वेषातली माणसं भाता फुंकतात, चुलीवर रांधतात. शेजारी विद्यार्थी माती खरवडतात. याला तिकडे ‘जिवंत इतिहास’ म्हणतात.

आता तुम्ही विचाराल, हे सोंगच नव्हे का? सोंग खरंच, पण खड्डा जवळ असल्यामुळे सोंगाला मातीची साक्ष काढावी लागते. आणि माती काय सांगते? फ्रेंचांच्या चुलींपाशी हरणांची हाडं मुबलक. डुकरं-गाई पाळूनही ते रानातलंच खात. फुटक्या तांब्याच्या भांड्यांचे पत्रे कापून मूळ रहिवाशांच्या पोशाखावर शिवायचे रुणझुणते दागिने तिथेच बनत. म्हणजे ‘आम्ही’ आणि ‘ते’ एकाच अंगणात नांदत होते. मारी मादेलेन रेओम ही तिथलीच. बाप फ्रेंच दुभाष्या, आई इलिनॉय जमातीची. झेंडे बदलत राहिले, पण अशा बायकांनी सोयरिकी जोडल्या नि व्यापार चालवला.

1833 च्या तहानंतर बहुतेक पोटावाटोमींना पश्चिमेकडे हाकललं गेलं. पोकागॉन यांचा गट मात्र राहिला. त्यांचे वंशज आजही त्या भागात आहेत. जत्रेत नुसत्या फ्रेंच टोप्याच मिरवल्या, तर इतिहास अर्धाच राहील.

गुरुजींना एक विनंती. गावाबाहेरच्या पांढरीवर मुलांना एकदा जरूर न्या. खणू नका, खापर दिसलं तर जागेवरच राहू द्या. फक्त कुठं दिसलं ते वहीत टिपा. आणि विचारा, या मडक्यात कोण रांधत होतं? राजांची नावं पुस्तकात आहेतच. रांधणारीचं नाव मात्र कुणी लिहून ठेवलेलं नाही. तिचा माग त्या खापरातूनच काढावा लागेल.