दोन शतायुषी आणि आम्ही बंगळूरकर

आपल्या मंडळास पन्नास वर्षे पूर्ण झाली. संस्थेचे पन्नासावे वर्ष हे तिच्या भर उमेदीचे समजावे. माणसाने मात्र पन्नाशी ओलांडली की पुढील दिवसांचा हिशेब मनात सुरू होतो. आम्हीही त्याच वयाचे. निवृत्तिवेतनाची आकडेमोड करता करता आम्हांस हटकून १९६२ हे साल आठवते. त्या वर्षी एप्रिलमध्ये बंगळुरात सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांनी, तर नोव्हेंबरमध्ये पुण्यात महर्षी धोंडो केशव कर्वे यांनी देह ठेवला. एकाचा जन्म मुद्देनहळ्ळीचा, दुसऱ्याचा कोकणातील शेरवलीचा. दोघेही भारतरत्न आणि दोघांनीही शंभरी ओलांडलेली.

विश्वेश्वरय्यांवर मराठी माणसाचाही थोडा हक्क आहे. बंगळूरच्या सेंट्रल कॉलेजातून पदवी घेऊन ते पुण्यास अभियांत्रिकी शिकले व १८८४ मध्ये मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यात नाशिक येथे रुजू झाले. खडकवासल्याच्या धरणावर त्यांच्या कल्पनेची स्वयंचलित दारे १९०३ मध्ये बसली. १९१२ ते १९१८ त्यांनी म्हैसूरची दिवाणगिरी केली. पण ती सुटल्यावर ते आरामखुर्चीत विसावले नाहीत. मोजका आहार आणि नियमित फिरणे त्यांनी अखेरपर्यंत सांभाळले. नव्वदी उलटल्यावर गंगेवरील पुलाची जागा पाहण्यासाठी ते बिहारमध्ये गेले होते.

कर्व्यांचे आयुष्य तर चालण्यातच घडले. १८७५ मध्ये परीक्षेस बसण्यासाठी ते मुरुडहून साताऱ्यास भर पावसात सह्याद्री ओलांडून पायी गेले, आणि वय लहान दिसते म्हणून त्यांना परत पाठविण्यात आले! पुढे फर्ग्युसन कॉलेजात गणित शिकवून झाले की ते चिखल तुडवीत सुमारे चार मैलांवरील हिंगण्याच्या आश्रमाकडे निघत. सत्तरी उलटल्यावर त्यांनी युरोप, अमेरिका, जपान पाहिले. अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी, १९३६ मध्ये, खेड्यांतील प्राथमिक शिक्षणासाठी मंडळ काढले. व्यायाम म्हणून ते चालले नाहीत. काम होते म्हणून चालले.

परंतु दोन थोरांच्या उदाहरणाने सिद्धान्त ठरत नाही. रोज चालूनही अल्पायुषी ठरलेल्यांची चरित्रे कोण लिहितो? म्हणून थोडे विलायतेकडे वळू. जेरेमी मॉरिस या डॉक्टरांनी लंडनच्या दुमजली बसगाड्यांवरील नोकरांचा अभ्यास १९५३ मध्ये प्रसिद्ध केला. दिवसभर जिने चढणाऱ्या कंडक्टरांपेक्षा बसून राहणाऱ्या ड्रायव्हरांना हृदयविकार अधिक होई. पुढे मॉरिसांनी गणवेशांच्या नोंदी काढल्या, तेव्हा ड्रायव्हरांच्या विजारींचा घेर मूळचाच मोठा निघाला! म्हणजे सारे श्रेय जिन्याला देता येईना. त्यांनी हे प्रामाणिकपणे मांडले आणि शोध चालू ठेवला. त्यानंतरच्या अनेक अभ्यासांनी हालचालीच्या बाजूनेच कौल दिला आहे. मॉरिस स्वतः नव्याण्णव वर्षे जगले. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये पासष्टीपुढील मंडळींनाही आठवड्यास किमान १५० मिनिटे मध्यम श्रमाची हालचाल सांगितली. शिवाय पडणे टळावे म्हणून तोल व ताकद वाढविणारे व्यायाम आठवड्यातून तीन दिवस.

हे आज लिहिण्यास एक घरगुती कारण आहे. आमचे तीर्थरूप साताऱ्यास एकटे राहत. भाजी, दूध, टपाल, देवदर्शन, सारे पायी. आईच्या माघारी आम्ही त्यांना येथे आणले. तिसरा मजला, लिफ्ट, भाषा अपरिचित. "दादा, तुम्ही बसा, आम्ही आहोत ना," हे आमचे पालुपद. दोन वर्षांत त्यांना भिंतीचा आधार घ्यावा लागू लागला. एकदा ते सहज म्हणाले, "अरे, मला काही कामच उरलं नाही." आम्ही सेवा समजत होतो, प्रत्यक्षात त्यांचे चालणेच काढून घेतले होते. उशिरा का होईना, आम्ही सकाळी त्यांना लालबागेत नेऊ लागलो. हैदर अलीने वसविलेल्या त्या बागेत ते प्रथम एका बाकापर्यंत, मग दुसऱ्या बाकापर्यंत गेले. पूर्वीचे पाय परत आले नाहीत. पण रोज भेटणाऱ्या एका कन्नड आजोबांशी मोडक्या हिंदीत त्यांची मैत्री जमली, आणि शेवटच्या वर्षापर्यंत घरची कोथिंबीर तेच आणीत.

आपल्या मंडळातील घराघरांत आज असे आई-वडील गावाहून येऊन राहिले आहेत. गणेशोत्सवात आपण त्यांना पहिल्या रांगेत खुर्ची देतो, ते योग्यच. परंतु वर्षाचे उरलेले दिवस त्यांची खुर्ची सुटेल असे काहीतरी काम, वाट आणि सोबत त्यांना द्यावी. शतायुषी व्हा हा आशीर्वाद वडीलधारे आपल्याला देतात. तो त्यांना परत करावयाचा, तर सकाळी अर्धा तास त्यांच्यासोबत चालावे. आम्हांस हे थोडे उशिरा कळले. वाचकांस वेळेवर कळो.