परदेशातील उपचारांपासून परळच्या रुग्णालयापर्यंत

आहार, औषध, ज्ञान आणि अभय या चार दानांचा महिमा आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवाच्या या मंगल प्रसंगी, औषधदानाचेच उदाहरण म्हणता येईल अशा एका इतिहासाचे स्मरण करणे उचित ठरेल.

१८७७ मध्ये नागपूरला एम्प्रेस मिल उभारणारे जमशेटजी टाटा आपल्या कापसाच्या मुलखाला सुपरिचित आहेत. त्यांचे ज्येष्ठ पुत्र सर दोराबजी यांच्या पत्नी मेहेरबाई यांना रक्ताचा कर्करोग झाला. त्या काळी ज्यांना परवडे, ते असाध्य दुखण्यावर बोटीने विलायतेस जात. मेहेरबाईंवरही तिकडेच उपचार झाले. परंतु १८ जून १९३१ रोजी वेल्समधील एका शुश्रूषागृहात त्यांचे निधन झाले. इंग्लंडमध्ये ब्रुकवुड येथे त्यांची समाधी आहे. पुढील वर्षी युरोपच्या प्रवासात असताना ३ जून १९३२ रोजी जर्मनीत दोराबजींनीही देह ठेवला.

अपार संपत्ती असूनही पत्नीला वाचविता आले नाही, या दुःखातून दोराबजींनी दोन कार्ये योजिली. रक्ताच्या कर्करोगावरील संशोधनासाठी १९३२ मध्ये लेडी टाटा मेमोरियल ट्रस्ट स्थापन झाला. त्याचे साहाय्य परदेशांतील संशोधकांनाही मिळत आले. दुसरे कार्य म्हणजे, पत्नीवर परदेशात जसे उपचार झाले तसे भारतातही मिळावेत, ही इच्छा. त्यांच्या न्यासाने ती पूर्ण केली आणि २८ फेब्रुवारी १९४१ रोजी मुंबईत परळ येथे टाटा मेमोरियल रुग्णालय सुरू झाले. १९६२ मध्ये त्याचा कारभार अणुऊर्जा खात्याकडे आला. त्या खात्याचे धुरीण डॉ. होमी भाभा हे मेहेरबाईंच्या भावाचे पुत्र, हा योगही लक्षणीय आहे.

कालांतराने प्रवाहाची दिशा पालटली. बांगलादेश, नेपाळ आदी देशांतील रुग्ण उपचारांसाठी मुंबईची वाट धरू लागले. भारत सरकारने त्यांच्यासाठी वैद्यकीय व्हिसाची स्वतंत्र सोय केली असून रुग्णासोबत दोन नातेवाइकांना मदतनीस म्हणून येता येते. परंतु व्हिसा हाती आला म्हणजे प्रश्न सुटतो असे नाही. तपासण्या, शस्त्रक्रिया, किरणोपचार यांत महिनोन्‌महिने जातात. राहायचे कोठे, पथ्याचे अन्न कोण शिजविणार, डॉक्टरांचे म्हणणे आपल्या भाषेत कोण समजावून सांगणार, या विवंचनेने माणूस दुखण्याहून अधिक खचतो.

येथेच धर्मशाळेचे मोल कळते. आपल्या शेजारच्या अमरावती जिल्ह्यात जन्मलेल्या संत गाडगेबाबांनी ठिकठिकाणी धर्मशाळा बांधल्या. त्यांच्या नावाने दादर येथे चालणाऱ्या धर्मशाळेत टाटा रुग्णालयात येणारे अनेक रुग्ण व त्यांचे आप्त आसरा घेतात. १९६८ मध्ये स्थापन झालेली परळची नाना पालकर स्मृती समितीही बाहेरगावच्या रुग्णांच्या निवासाचे कार्य करीत आली आहे. रुग्णालय व्याधीवर उपचार करते. रुग्णाला तेथे टिकून राहण्याचे बळ अशा वास्तू देतात.

याचा आपल्या महागावशी काय संबंध, असे कोणी विचारील. ज्याने कधी मुंबई पाहिलेली नाही, अशा आपल्या तालुक्यातील शेतकऱ्याला परळच्या गर्दीत उभे केले, तर तोही परदेशीच ठरतो. कागदांच्या खिडकीपाशी तो गोंधळतो, खर्चाच्या धास्तीने उपचार अर्धवट टाकून गावी परततो. अशा वेळी केवळ रोख रक्कम पुरेशी होत नाही. महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेची कागदपत्रे नीट लावून देणारा, नागपूर-मुंबईच्या धर्मशाळेत आधी चौकशी करून ठेवणारा आणि पहिले चार दिवस सोबत राहणारा माणूस त्याला हवा असतो. आपल्यातील अनेकांचे नातलग व व्यापारी संबंध या शहरांत आहेत. त्यांचा असा उपयोग सहज होऊ शकेल.

पुढील पन्नास वर्षांच्या कार्यात ट्रस्टने रुग्ण-सोबतीची अशी व्यवस्था अंगीकारावी, ही सर्व समाजबंधू-भगिनींस नम्र विनंती. औषध देणारे हात पुष्कळ आहेत. औषधापर्यंत नेणारा हात देणे, हेही औषधदानच होय.