महात्मा फुले कृषी विद्यापीठ, राहुरी

महाराष्ट्रातील पहिले कृषी विद्यापीठ. मुख्यालय राहुरी, जि. अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर). स्थापना 29 मार्च 1968. ऑक्टोबर 1969 मध्ये पुण्याच्या कृषी महाविद्यालयातून कामकाज सुरू झाले, पुढे ते राहुरीला आले. आरंभी सारे राज्य त्याच्या कक्षेत होते. 1969 मध्ये अकोला, 1972 मध्ये परभणी व दापोली येथे वेगळी विद्यापीठे झाली आणि राहुरीकडे पश्चिम महाराष्ट्र, नाशिक व खानदेशचे जिल्हे राहिले.

मुळे याहून जुनी आहेत. पुण्यात शेतीचे वर्ग 1879 मध्ये भरू लागले; त्यांतूनच पुढे तेथील कृषी महाविद्यालय उभे राहिले. जपानचे सापोरो कृषी महाविद्यालय 1876 चे, म्हणजे जवळपास समवयस्कच. सापोरोचे 1918 मध्ये होक्काइदो शाही विद्यापीठ झाले आणि ते इतर विद्याशाखांत विस्तारले. पुण्याचे महाविद्यालय शेतीलाच धरून राहिले.

विद्यापीठाचे नाव उसामुळे गाजते. पण त्याचे खरे मोल रब्बी ज्वारीच्या कामात आहे. उदाहरणार्थ, याच जिल्ह्यातील पारनेर तालुक्यात पाऊस बेभरवशाचा आणि मुरमाड जमिनी बऱ्याच. रब्बीत पेरलेली ज्वारी जमिनीत मुरलेल्या ओलीवरच वाढते. ती ओल किती दिवस पुरेल, हे मातीच्या थरावर ठरते. म्हणून एकच वाण सर्वत्र न सुचवता विद्यापीठाने जमिनीच्या खोलीप्रमाणे वाण दिले : 30 सें.मी.पर्यंतच्या हलक्या जमिनीला लवकर निसवणारी फुले अनुराधा, मध्यम जमिनीला फुले सुचित्रा, 60 सें.मी.पेक्षा खोल भारी जमिनीला फुले वसुधा, पाण्याची सोय असेल तेथे फुले रेवती. या भागात कडब्यालाही दाण्याइतकीच किंमत आहे, त्यामुळे कडब्याचे उत्पादनही वाण निवडताना पाहिले जाते. कोरडवाहू शेतकऱ्याच्या अडचणीला इतके नेमके उत्तर क्वचितच मिळते.

पाडेगावचे ऊस संशोधन केंद्र (1932) विद्यापीठाहून जुने. तेथील फुले 265 हा उसाचा वाण चोपण जमिनीतही तग धरतो, उत्पादन भरघोस देतो. मात्र साखर उतारा 86032 या दुसऱ्या वाणापेक्षा कमी असल्याने काही कारखाने त्याची नोंद घ्यायला नाखूश असत. डाळिंबाचा भगवा आणि होल्स्टीन, जर्सी व गीर यांच्या संकरातून झालेली फुले त्रिवेणी गाय ही इतर ठळक कामे.

राहुरीच्या आवारासाठी ज्यांच्या जमिनी गेल्या, त्या कुटुंबांच्या नोकऱ्यांचा प्रश्न मात्र अनेक वर्षे रेंगाळला.