बिहारमधील परदेशी स्वयंसेवक

१५ जानेवारी १९३४ रोजी भर दुपारी उत्तर बिहारची भूमी हादरली आणि काही मिनिटांत मुंगेर, मुजफ्फरपूर या शहरांतून विटामातीचे ढिगारे पडले. बिहार व नेपाळ मिळून दहा हजारांहून अधिक माणसे दगावली. शहरांची दैना डोळ्यांना दिसत होती. खेड्यांवरील संकट मात्र हळूहळू उलगडत गेले. जमीन दुभंगून वर आलेल्या वाळूने शेते झाकली, विहिरी बुजल्या, ठिकठिकाणी भूमीची पातळी बदलली. पूर्वी पुरातून निभावणारी गावे आता पावसाळ्यात पाण्याखाली जाणार, असे भय उत्पन्न झाले.

अशा वेळी उन्हाळ्यात तेथे एक स्विस एंजिनियर आले. पिएर सेरेझोल त्यांचे नाव. वडील स्वित्झर्लंडचे एके काळचे राष्ट्राध्यक्ष. पहिल्या महायुद्धात लष्करी कर नाकारून सेरेझोल यांनी तुरुंगवास पत्करला होता. परंतु युद्धाला नकार देणाऱ्याने स्वस्थ बसावे, हे त्यांना पटेना. सैनिक देशासाठी अंग झिजवतो, तर शांततावाद्याने निदान तितके तरी झिजवावे, हा त्यांचा रोकडा हिशेब. १९२० साली फ्रान्समध्ये व्हर्दुनजवळच्या एका उद्ध्वस्त खेड्यात त्यांनी सोबत्यांसह कुदळ-फावडे हाती घेतले. सोबत्यांत जर्मनही होते. कालपर्यंत तोफा डागणाऱ्या राष्ट्राची ही माणसे. विरोध उठला आणि काही महिन्यांतच काम आटोपते घ्यावे लागले. पुढे १९२४ मध्ये स्वित्झर्लंडमधील एका हिमप्रपातानंतर हेच काम पुन्हा उभे राहिले, तेव्हा व्यवस्थेला धावून आले ते त्यांचे बंधू, सैन्यातील कर्नल! १९२८ मध्ये लिख्टेनश्टाइनमध्ये ऱ्हाइनच्या पुराचा गाळ उपसण्यास सातशेहून अधिक स्वयंसेवक जमले. वेतन कोणालाच नव्हते.

डिसेंबर १९३१ मध्ये गोलमेज परिषदेहून परतताना महात्मा गांधी स्वित्झर्लंडमध्ये थांबले होते. तेव्हापासून सेरेझोल यांचा त्यांच्याशी परिचय होता. बिहारमध्ये राजेंद्रप्रसादांच्या अध्यक्षतेखाली मदत समिती काम करीत होती. पुरात सापडणारी खेडी उंच जागी हलवावी, नव्या वस्तीची आखणी करावी, या कामी सेरेझोल आणि मागाहून आलेले त्यांचे मोजके इंग्रज व स्विस सोबती लागले.

येथे मात्र युरोपातला हिशेब जुळेना. ऱ्हाइनकाठी हातांचा तुटवडा होता. बिहारमध्ये हात उदंड होते आणि काम नव्हते. एका युरोपीय स्वयंसेवकाच्या बोटीच्या भाड्यात कित्येक बिहारी मजुरांची रोजी निघाली असती. मग गोऱ्या माणसाने सातासमुद्रापलीकडून येऊन माती कशाला उपसावी? हा आक्षेप पोकळ नव्हता. बहुतेक खोदकाम स्थानिक लोकांनीच केले, यात नवल नाही. परंतु त्या काळी बिहारच्या शेतकऱ्याने गोरा माणूस पाहिला होता तो कलेक्टर म्हणून, पोलीस अधिकारी म्हणून, नाहीतर नीळवाला मळेवाला म्हणून. शेजारी उभा राहून उन्हात घाम गाळणारा, आणि तोही हिंदी समितीशी खांद्याला खांदा लावून, असा गोरा त्याला नवा होता. या दृश्याची किंमत भाड्याच्या रुपयांत कशी करावयाची?

सेरेझोल पुन्हा पुन्हा हिंदुस्थानात येत राहिले. १९३७ साली बिहारमधील काम संपले. दुसऱ्या महायुद्धात परवानगीवाचून जर्मन हद्दीत गेल्याबद्दल त्यांना पुन्हा तुरुंग घडला. १९४५ साली, युद्ध थांबल्यावर काही महिन्यांनी, ते वारले.