शेवाळाची चाकरी
(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

शेवाळाबद्दल आपल्याकडे कुणी चांगलं बोललेलं ऐकिवात नाही. पावसाळ्यात अंगणात त्यावरून पाय घसरतो, विहिरीच्या पायऱ्या त्यानं निसरड्या होतात, गच्चीवरच्या टाकीत ते धरलं की टाकी उपसून घासावी लागते. काचेच्या टाकीत मासे पाळणाऱ्यांचा तर त्याच्यावर विशेष राग. चार दिवस दुर्लक्ष झालं की काच हिरवी होते आणि आतले मासे दिसेनासे होतात. असं असताना खाऱ्या पाण्याची टाकी बाळगणारे जगभरचे हौशी लोक आज पैसे मोजून शेवाळ आणतात, त्याच्यासाठी वेगळं नळकांडं घेतात, त्याला रात्रभर दिवा लावतात आणि ते वाढेनासं झालं तर काळजीत पडतात. ही उलटी गंगा कशी वाहू लागली, त्याचा हा इतिहास.

आधी टाकीतला जमाखर्च समजून घेऊ. माशांना आपण रोज खाणं घालतो. त्यातलं थोडं त्यांच्या अंगी लागतं, बाकीचं विष्ठेवाटे आणि कल्ल्यांवाटे पाण्यात उतरतं. त्यातून अमोनिया तयार होतो आणि तो माशांना विषासारखा. सुदैवानं वाळूत आणि दगडांवर राहणारे जिवाणू या अमोनियाचं आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात. नायट्रेट त्या मानानं निरुपद्रवी. पण निरुपद्रवी झालं म्हणजे नाहीसं झालं असं नव्हे. ते पाण्यात साठत राहतं आणि त्याच्या जोडीला खाण्यातलं फॉस्फेटही साठतं. आवक रोजची, जावक शून्य! गोड्या पाण्याच्या टाकीत दोन बादल्या पाणी बदललं की भागतं. समुद्रापासून दूर राहणाऱ्याला मात्र खारं पाणी खास मीठ विकत आणून बनवावं लागतं, ते बादल्यांनी फेकणं परवडत नाही. त्यात प्रवाळं पाळायची असतील तर पंचाईत आणखी मोठी. प्रवाळांचे खडक ज्या उष्ण समुद्रांत वाढतात, तिथल्या पाण्यात ही द्रव्यं अगदी नावापुरती असतात. टाकीतलं पाणी फार सकस झालं की प्रवाळांवर शेवाळ चढतं आणि ती त्याखाली गुदमरतात.

समुद्र घरात आणण्याची हौस लंडनमधली. वेस्टमिन्स्टर ॲबेच्या एका धर्माधिकाऱ्यांच्या पत्नी ॲना थिन यांनी १८४६ साली टॉर्कीच्या किनाऱ्यावरून काही जिवंत प्रवाळं घरी आणली. सगळ्या बाजूंनी पाणी लागावं म्हणून त्यांनी ती सुईदोऱ्यानं एका स्पंजला टाचून ठेवली. समुद्राचं पाणी वारंवार मागवणं शक्य नव्हतं, तेव्हा आहे तेच पाणी ताजं ठेवायचं कसं? त्यांनी तोडगा काढला. घरातल्या मोलकरणीनं रोज अर्धा-पाऊण तास उघड्या खिडकीपाशी उभं राहून पाणी या भांड्यातून त्या भांड्यात ओतायचं. आज दुकानात मिळणाऱ्या हवेच्या पंपाची पूर्वज ही मोलकरीणच म्हणायला हवी. पुढच्या वर्षी थिनबाईंनी भांड्यात समुद्रातली शेवाळं घातली आणि त्यांचे प्राणी वर्षानुवर्षं जगले.

याच सुमारास रॉबर्ट वॉरिंग्टन हे रसायनशास्त्रज्ञ गोड्या पाण्यात असाच प्रयोग करत होते. काचेच्या भांड्यात दोन गोल्डफिश आणि एक पाणवनस्पती. पानं कुजून पाणी बिघडू लागलं तेव्हा त्यांनी गोगलगायी सोडल्या. त्यांनी कुजकी पानं खाल्ली आणि पाणी निवळलं. १८५० मध्ये त्यांनी हा प्रयोग प्रसिद्ध केला. मग १८५३ मध्ये लंडनच्या प्राणिसंग्रहालयात पहिलं सार्वजनिक मत्स्यालय उघडलं आणि १८५४ मध्ये फिलिप हेन्री गॉस यांचं ‘द ॲक्वेरियम’ हे पुस्तक आलं. ‘ॲक्वेरियम’ हा शब्द घराघरांत पोचवला तो गॉस यांनी. कोणतं शेवाळ लावावं हेही ते सांगतात. हिरवं आणि तांबडं चालेल, तपकिरी नको.

म्हणजे पहिल्या दहा वर्षांतच शेवाळ टाकीत आलं होतं. पण ते कशासाठी? प्राणवायूसाठी. मासे प्राणवायू घेतात, वनस्पती तो देतात, झाला समतोल, अशी तेव्हाची समजूत. ती खोटी नव्हती, पण अर्धीच होती. वनस्पती पाण्यातून काय काढून घेते, इकडे कुणाचं लक्ष नव्हतं. वॉरिंग्टन यांच्या भांड्यातून कुजकं पान गोगलगायीच्या पोटात गेलं, भांड्याबाहेर काहीच गेलं नाही. मातीत आणि पाण्यात अमोनियाचं नायट्रेट करणारे जिवाणू सर्गेई विनोग्राडस्की यांनी वेगळे करून दाखवले ते १८९० च्या सुमारास. तोवर इंग्लंडमधल्या दिवाणखान्यांतल्या बहुतेक टाक्या वास मारू लागून माळ्यावर गेल्या होत्या.

मोठ्या मत्स्यालयांनी वेगळा रस्ता धरला. विल्यम आल्फर्ड लॉइड यांनी १८७१ मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये मत्स्यालय उभारलं, तेव्हा टाक्यांखाली अंधारात पाण्याचा प्रचंड हौद ठेवला. अंधार असला की शेवाळ नाही, आणि पाणी भरपूर असलं की घाण विरळ होते. समुद्रालगतच्या मत्स्यालयांना तर तेवढीही चिंता नको, पाणी आत घ्यायचं आणि बाहेर सोडायचं. नेपल्सचं १८७४ चं मत्स्यालय, मोनॅकोचं १९१० चं संग्रहालय, अगदी आपलं १९५१ मध्ये मरीन ड्राइव्हवर उघडलेलं तारापोरवाला मत्स्यालय, या साऱ्यांच्या जागा पाहा. समुद्र हाकेच्या अंतरावर. घरातल्या टाकीला ती सोय नाही. तिच्यासाठी विसाव्या शतकात निरनिराळे उपाय निघाले. १९६१ मध्ये इंडोनेशियातल्या ली चिन एंग यांनी समुद्रातले सजीवांनी भरलेले दगडच टाकीत ठेवून दाखवले. पुढे जर्मनीत पाण्यात बारीक बुडबुडे सोडून, फेसाबरोबर घाण वर काढणारं स्किमर नावाचं यंत्र रुळलं. त्यानं पुष्कळ काम हलकं केलं, पण पाण्यात विरघळून गेलेलं नायट्रेट काही फेसाला चिकटत नाही.

शेवाळाला खरा वकील भेटला तो वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संस्थेत. वॉल्टर एडी हे प्रवाळखडक आणि शैवालांचे अभ्यासक. कॅरिबियन समुद्रात सेंट क्रॉय बेटाजवळच्या खडकांवर त्यांनी १९७० च्या दशकात काम केलं. खडकांवर शेवाळाचा अगदी आखूड गालिचा असतो. दिसायला क्षुल्लक, कारण मासे तो सतत चरत असतात. पण चरल्यामुळेच तो झपाट्यानं वाढतो. रोज कापलेली हिरवळ जशी कोवळी राहते, तसंच हे. एडी यांनी हा गालिचा खडकावरून उचलून यंत्रात बसवला. उथळ ताटात जाळी, वर प्रखर दिवे आणि एका टोकाला एक कलती बादली. ती भरली की आपोआप उलटी होते आणि लाटेसारखं पाणी जाळीवर आदळतं. जाळीवर शेवाळ माजतं, वाढताना पाण्यातलं नायट्रेट आणि फॉस्फेट अंगात घेतं. मग ठरावीक दिवसांनी जाळी काढायची, खरवडायची आणि परत बसवायची.

माझ्या मते एडी यांचं मोठेपण या खरवडण्यात आहे. शेवाळ नुसतं वाढू दिलं तर उपयोग नाही. ते मेलं की घेतलेलं सगळं पाण्याला परत करतं. त्याची कापणी करून ते टाकीबाहेर नेलं, तरच जमाखर्चात प्रथमच जावक दिसू लागते. शेतकऱ्याला यात नवीन काही वाटणार नाही. पीक जमिनीतून काय घेऊन जातं हे त्याला ठाऊक असतंच. मत्स्यालयवाल्यांना मात्र हे कळायला सव्वाशे वर्षं लागली.

स्मिथसोनियनमधला प्रवाळखडकाचा देखावा १९८० मध्ये लोकांसाठी उघडला, १९८२ मध्ये या यंत्राचं पेटंट मिळालं. ऑस्ट्रेलियात टाउन्सव्हिल इथं १९८७ मध्ये उघडलेल्या मत्स्यालयातल्या २५ लाख लिटरच्या प्रवाळटाकीला हीच पद्धत लावली. ॲरिझोनातल्या ‘बायोस्फिअर टू’ या बंद काचगृहात १९९१ ते १९९३ अशी दोन वर्षं आठ माणसं राहिली, तिथल्या कृत्रिम समुद्रालाही हीच. शेवाळाच्या जाळ्या खरवडणं हे त्या माणसांच्या नित्याच्या कामांपैकी एक होतं. पण हौशी लोक फारसे वळले नाहीत. यंत्र मोठं, पाणी उडायचं, दिवे तापायचे आणि शेवाळातून उतरणाऱ्या द्रव्यांनी पाण्याला पिवळसर झाक यायची. काही टाक्यांत प्रवाळं नीट वाढली नाहीत, तेव्हा बोट शेवाळाकडे दाखवलं गेलं. तत्त्व बरोबर होतं, घरात ठेवण्याजोगं नव्हतं.

मग लोकांनी सोपी वाट काढली. मुख्य टाकीच्या खाली दुसरी छोटी टाकी ठेवायची आणि तिच्यात मोठ्या जातीचं समुद्रशैवाल लावायचं. सुरुवातीला सर्वांची आवडती होती कॉलर्पा. नेच्यासारखी देखणी, भराभर वाढणारी. तिची खोड अशी की एवढी लांबलचक वनस्पती म्हणजे एकच पेशी असते. अधूनमधून ती आपल्या शरीरातलं सगळं द्रव्य बीजपेशींच्या रूपानं पाण्यात सोडून देते आणि एका रात्रीत मरून पडते. सकाळी पाणी गढूळ आणि महिनोन्‌महिने साठवलेलं सारं पुन्हा टाकीत.

याहून वाईट प्रकार समुद्रात घडला. स्टुटगार्टच्या विल्हेल्मा प्राणिसंग्रहालयातल्या टाक्यांत कॉलर्पा टॅक्सिफोलिया या जातीचा थंडी सोसणारा एक वाण जोपासला गेला होता. शोभेसाठी तो मत्स्यालयांमधून फिरत मोनॅकोला पोचला. १९८४ मध्ये मोनॅकोच्या संग्रहालयासमोर समुद्रतळावर त्याचा एक चौरस मीटरचा तुकडा दिसला. १९८९ मध्ये तो एक हेक्टर झाला होता. नीस इथले शैवालतज्ज्ञ अलेक्झांद्र मेनेझ यांनी धोक्याची सूचना दिली. त्यावर वर्षानुवर्षं वाद चालला. ही वनस्पती लाल समुद्रातून सुएझमार्गे आपोआप आली असेल, असंही सांगून झालं. शेवटी जनुकीय तपासणीत १९९८ मध्ये ती मत्स्यालयांतल्याच वाणाची असल्याचं दिसलं. तोपर्यंत तिनं भूमध्य समुद्रात हजारो हेक्टर तळ व्यापला होता. जून २००० मध्ये ती कॅलिफोर्नियातल्या कार्ल्सबाडजवळच्या खाजणात सापडली. तिथं मात्र दिरंगाई झाली नाही. ताडपत्र्या अंथरून खाली क्लोरीन सोडलं, काही दशलक्ष डॉलर खर्च झाले आणि २००६ मध्ये तिचा नायनाट जाहीर झाला. भूमध्य समुद्रातही पुढे ती बरीच ओसरली, पण ती तिच्या मर्जीनं. माणसानं तोवर हात टेकले होते.

कॉलर्पाची जागा घेतली कीटोमॉर्फानं. दिसायला अगदीच गबाळं, नायलॉनच्या हिरव्या दोऱ्याचा गुंता जणू. पण ते कशाला चिकटत नाही, मूळ धरत नाही आणि कॉलर्पासारखं एका रात्रीत विरघळत नाही. वाढलं की मूठभर तोडून घ्यायचं. अडचण एवढीच की गोळा मोठा झाला की आतल्या भागाला उजेड मिळत नाही, तो कुजतो आणि त्यात कचरा अडकतो.

इथं रिॲक्टर आला. नावाला घाबरू नका, हे एक उभं पारदर्शक नळकांडं असतं. त्यात कीटोमॉर्फाचा गुंता सोडायचा, पंपानं पाणी खेळवायचं आणि उजेड बाहेरून चारही बाजूंनी किंवा मधल्या दांड्यातून द्यायचा. एडी यांच्या काळात हे जमलं नसतं. तेव्हाच्या दिव्यांनी पाणी उकळायला ठेवल्यासारखं झालं असतं. एलईडी स्वस्त झाल्यावर, २०१० नंतरच्या दशकात हे रिॲक्टर बाजारात आले. त्यांचा उजेड तांबूस-जांभळा असतो, कारण वनस्पतीला कामाचे रंग तेवढेच दिले की वीज वाचते. दिवा बहुधा रात्री लावतात. मुख्य टाकीत अंधार झाला की पाण्यात कार्बन डायऑक्साइड वाढतो आणि सामू म्हणजे पीएच उतरतो. त्याच वेळी शेवाळ जागं असलं की तो कार्बन डायऑक्साइड त्याला खायला मिळतो आणि सामू फारसा ढळत नाही. थिनबाईंच्या मोलकरणीचं काम आता रात्रपाळीला लागलं आहे.

हे सगळं इतकं छान चालतं की त्यातून नवीच अडचण उभी राहिली. समुद्रातल्या सूक्ष्म प्लवकांच्या शरीरात फॉस्फरसच्या एका अणूमागे नायट्रोजनचे १६ अणू असतात. तळावरच्या मोठ्या शैवालांत हे प्रमाण साधारण एकास ३० असल्याचं १९८३ मध्ये ॲटकिन्सन आणि स्मिथ यांनी दाखवलं. म्हणजे शेवाळ नायट्रेटचा फडशा आधी पाडतं आणि मग उपाशी राहून वाढायचं थांबतं. फॉस्फेट तसंच पडून राहतं. शिवाय लोहासारखी सूक्ष्म द्रव्यंही ते ओढून घेतं. इकडे प्रवाळांनाही अगदी कोरडं पाणी मानवत नाही. त्यांच्या पेशींत राहणारी सूक्ष्म शैवालं त्यांना अन्न पुरवतात आणि त्या शैवालांना थोडं नायट्रेट, थोडं फॉस्फेट दोन्ही लागतं. साउथॅम्प्टनच्या संशोधकांनी २०१३ मध्ये दाखवलं, की नायट्रेट वाढून फॉस्फेट तुटलं, तर उजेडाचा आणि उष्णतेचा ताण आला की प्रवाळं लवकर पांढरी पडतात. त्यामुळे हल्ली असा देखावा दिसतो की टाकीखाली नायट्रेट खाणारा रिॲक्टर चालू आहे आणि मालक वरून ड्रॉपरनं मोजून नायट्रेटचे थेंब सोडतो आहे. चेष्टा करावीशी वाटते खरी, पण रोज पाणी तपासून दोन बाजू जुळवणारा हा माणूस ‘समतोल’ हा शब्द गॉसच्या वाचकांपेक्षा बराच नेमका वापरतो.

दर एक-दोन आठवड्यांनी कापलेलं मूठभर शेवाळ उरतं. ते गोड्या पाण्यात खळखळून धुतलं तर झाडांच्या बुंध्याशी घालता येतं. किनाऱ्यावर राहणाऱ्यांनी मात्र ते गटारात किंवा खाडीत सोडू नये. आधी उकळावं किंवा फ्रीजरमध्ये चांगलं गोठवावं आणि मगच कचऱ्यात टाकावं. मोनॅकोसमोरचा तो तुकडा पहिल्यांदा दिसला तेव्हा एका सतरंजीपेक्षा मोठा नव्हता.